दत्तक, दप्तर आणि जन्ममूळाचा शोध : महाराष्ट्रातील दत्तकविधानाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

प्रौढ वयात आलेली दत्तक व्यक्ती आपल्या जन्मदात्यांचा शोध घेऊ लागते, तेव्हा तिची पहिली गाठ पडते ती दप्तराशी. अनाथालयाची प्रवेश-नोंदवही, पोलिसांचा पंचनामा, न्यायालयाचा आदेश, नगरपालिकेचा जन्मदाखला अशा कागदांच्या मालिकेतून तिला मागे मागे जावे लागते. या कागदांत बालकाचे वजन असते, संस्थेत दाखल झाल्याचा दिवस असतो, लसीकरणाची नोंद असते. आईचे नाव मात्र बहुधा नसते; असलेच तर ते खरे असेल याची शाश्वती नसते. ही उणीव केवळ कारकुनी हलगर्जीपणाची आहे काय, की तिला स्वतःचा असा एक इतिहास आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात दत्तकाविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि, ते प्रामुख्याने गादी, वतन, वारसा आणि पिंडदान या चार प्रश्नांभोवती फिरते. दत्तक कोणाला घेता येतो, विधवेस तो घेता येतो काय, मिळकतीचा हक्क केव्हापासून सुरू होतो, यांवर विधिज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. दत्तक गेलेल्या व्यक्तीस आपल्या जन्माविषयी काय ठाऊक असे आणि काय ठाऊक असू दिले जाई, हा प्रश्न त्या लेखनात जवळजवळ आढळत नाही. याचे एक कारण असे की, दीर्घकाळपर्यंत हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

जाहीर दत्तक

मराठीत दत्तक घेण्यास ‘मांडीवर घेणे’ म्हणतात आणि देण्यास ‘ओटीत घालणे’. दोन्ही शब्दप्रयोग प्रत्यक्ष विधीतून आलेले आहेत. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, भाऊबंद, ग्रामस्थ आणि उपाध्याय साक्षीला असत, आणि दान-स्वीकाराशिवाय दत्तक सिद्ध होत नसे. वतनदार घराण्यांत दत्तकाला सरकारची मान्यता घ्यावी लागे आणि त्यापोटी नजर भरावी लागे. म्हणजे राज्याच्या दप्तरातही त्याची नोंद होई. बालक कोणत्या घरातून आले हे सर्वांस ठाऊक असणे हा या व्यवहाराचा पायाच होता. किंबहुना ते ठाऊक नसेल, तर दत्तक टिकतच नसे. मुलाला देण्याचा अधिकार फक्त पिता वा माता यांनाच असल्याने, ज्याचे आईबाप नाहीत किंवा कोण ते माहीत नाहीत अशा बालकाचे शास्त्रोक्त दत्तक सामान्यतः होऊ शकत नव्हते.

ऐतिहासिक उदाहरणे पाहिली की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ साली दत्तक घेतलेले नानासाहेब हे वेणगावच्या माधवराव नारायण भट यांचे पुत्र, हे कोणापासून लपविले गेले नाही. बडोद्याच्या जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलेले सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचे गोपाळराव होते. नाव बदलले, राजवाडा आला, शिक्षक आले; परंतु जन्माचे घर तुटले नाही. त्यांचे सख्खे बंधू संपतराव पुढे बडोद्यातच वावरले. कोल्हापुरात १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईंच्या मांडीवर दिलेले शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. त्यांचे जन्मदाते जयसिंगराव घाटगे त्या सुमारास कोल्हापूर संस्थानचे रीजंटच होते. अशा दत्तकाला स्वतःच्या मुळाचा शोध घेण्याची आवश्यकता नव्हती. त्याचे मूळ दरबारात बसलेले असे.

हे केवळ राजघराण्यांपुरते मर्यादित नव्हते. विसाव्या शतकात महाराष्ट्रात अनेक कुलवृत्तान्त प्रसिद्ध झाले. ते चाळले असता वंशवृक्षाच्या एखाद्या फांदीवर ‘दत्तक गेले’ आणि दुसऱ्या कुळाच्या फांदीवर ‘दत्तक आले’ अशा नोंदी पदोपदी दिसतात. व्यक्ती एका कुळातून दुसऱ्या कुळात जाते, परंतु दोन्ही ठिकाणी तिची खूण राहते. या नोंदी पुरुषांच्या, मुलग्यांच्या आणि सवर्ण वा वतनदार घराण्यांच्या आहेत. भूमिहीन कुटुंबांतील, आणि मुलींच्या बाबतीत कोणत्याही कुटुंबातील, एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या बालकांचा माग या साधनांत लागत नाही.

या संदर्भात धर्मशास्त्रातील दोन संज्ञा लक्षात घेण्यासारख्या आहेत. मनुस्मृतीतील बारा प्रकारच्या पुत्रांच्या यादीत दत्तकाबरोबर ‘अपविद्ध’ हाही एक पुत्र आहे; आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला असा तो. पुढे कलिवर्ज्य प्रकरणाच्या आधारे औरस व दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य धरले गेले आणि अपविद्धाची संकल्पना व्यवहारातून मागे पडली. दुसरी संज्ञा ‘द्व्यामुष्यायण’. जन्मदाता आणि दत्तक पिता यांच्यात ‘हा आपणा दोघांचा पुत्र’ असा करार झाला असेल, तर तो पुत्र दोन्ही कुळांचा मानला जाई, दोन्हीकडे पिंड देई आणि दोन्हीकडे वारस ठरे. या तरतुदीमागे अर्थातच मिळकतीचा आणि श्राद्धाचा विचार होता, व्यक्तीच्या मनोविश्वाचा नव्हे. तरीही एकाच व्यक्तीचे दोन घरांशी असलेले नाते मान्य करणारी एक चौकट आपल्या परंपरेत होती, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात या प्रकाराला स्थान उरले नाही. अनौरसत्व आणि त्याग यांच्या छायेत जन्मलेल्या बालकाला ही चौकट पूर्वीही कधी लाभली नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

गुप्त प्रसूती

ज्या बालकाच्या जन्माचे नावच घेता येत नव्हते, त्याचा इतिहास पुण्यात १८६३ साली वेगळ्या वळणावर येतो. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने जनापवादाच्या भीतीने आपल्या नवजात बालकाची हत्या केली आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात पाठविण्यात आले. जोतीराव फुले यांनी पुढे १८८४ साली सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिलेल्या टिपणात हा प्रसंग सांगितला आहे. या घटनेनंतर जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, अशी जाहीर सूचना लावली.

येथे ‘गुप्तपणे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आईचे नाव कोणी विचारणार नाही, हेच त्या गृहाचे अभिवचन होते. नाव विचारले असते तर ती आलीच नसती. आणि ती आली नसती तर बालक विहिरीत वा उकिरड्यावर गेले असते. आज ज्या गुप्ततेविरुद्ध दत्तक व्यक्ती दाद मागतात, त्या गुप्ततेची आपल्याकडील सुरुवात दोन जीव वाचविण्याच्या हेतूने झाली. या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून केलेली कोणतीही मांडणी मला एकांगी वाटते.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस याच अपराधासाठी प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि त्या प्रकरणावरील चर्चेतून संतापून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. फुल्यांच्या प्रयत्नास दोन दशके होत आली तरी परिस्थिती किती बदलली होती, हे त्यावरून कळते.

जोतीरावांच्या १८८४ च्या टिपणानुसार तोवर त्यांच्या घरी पस्तीस विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यांपैकी नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचली ती एकच, तीही काशीबाईच. १८७४ मध्ये तिच्या पोटी जन्मलेल्या मुलास फुले दांपत्याने दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा अंत झाला, त्या वेळी दवाखान्यात तोच होता. यशवंतच्या बाबतीत आईचे नाव, तिची जात, तिची परिस्थिती काहीच झाकून ठेवले गेले नाही. उलट जन्माची ती हकीकतच फुल्यांनी आपल्या सामाजिक भूमिकेचा भाग म्हणून उघडपणे मांडली. त्याची किंमतही यशवंतला द्यावी लागली असावी. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि अखेर सावित्रीबाईंनीच ते हाती घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. दत्तकपुत्राची ओळख घरात निर्विवाद असली तरी स्मशानाच्या वाटेवर ती वादग्रस्त होऊ शकत होती.

उरलेल्या चौतीस जणींची मुले कोठे गेली? काही जगली नसतील. काही कोणा घरात वाढली असतील. त्यांच्या वंशजांना आज हे ठाऊक असण्याचा संभव नाही. इतिहासलेखनाच्या दृष्टीने फुल्यांचे टिपण हा अमोल दस्तऐवज आहे, परंतु एखाद्या शोधकर्त्याच्या दृष्टीने तो चौतीस बंद दरवाजे आणि एक उघडा दरवाजा एवढेच दाखवितो.

१८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह व अनाथालय स्थापन झाले आणि ते मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालविले. ही संस्था पुढे नवरंगे बालकाश्रम या नावाने परिचित झाली. पंढरपूरच का, याचे उत्तर भूगोलात व भक्तीत आहे. वारीच्या निमित्ताने घराबाहेर पडणे हे विधवेला समाजसंमत असे एकमेव निमित्त होते, आणि लाखो यात्रेकरूंच्या गर्दीत एखादी स्त्री काही महिने राहून परतली तर विचारणारे कोणी नसे. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. अनाथ बालकांत आता लोकलज्जेने सोडलेल्यांबरोबर उपासमारीने पोरकी झालेल्यांची भर पडली. दोन्ही प्रकारची मुले एकाच छपराखाली आल्याने बाहेरच्या जगाला ती सारखीच ‘अनाथ’ दिसू लागली. प्रत्यक्षात एकाचे आईबाप मेलेले होते, तर दुसऱ्याची आई जिवंत होती आणि कदाचित पुढच्या वारीला त्याच गावात येऊनही गेली असेल.

कायद्याचा प्रवेश

ब्रिटिश अमदानीत दत्तकाचा कायदा न्यायालयीन निवाड्यांतून घडला आणि निराधार बालकाला त्यात जागा मिळाली नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालक नेमण्याची सोय झाली. परंतु पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या अधिनियमाने मुलींचेही दत्तक मान्य केले, ही मोठीच सुधारणा होती. तरी ज्याचे आईबाप अज्ञात आहेत किंवा ज्याला त्यांनी टाकून दिले आहे, अशा बालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने पालकाने दत्तक देण्याची स्पष्ट तरतूद १९६२ च्या दुरुस्तीने आली. संस्थेतून दत्तक घेण्याचा आजचा राजमार्ग असा तुलनेने अलीकडचा आहे. बिगरहिंदू दांपत्यांना तर बालन्याय अधिनियमाच्या २००० च्या कायद्यापर्यंत आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीपर्यंत पालकत्वावरच समाधान मानावे लागे.

१९५६ च्या अधिनियमाचे बारावे कलम सांगते की, दत्तकाच्या दिनांकापासून बालकाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध संपुष्टात येतात. लगेच त्यास एक अपवादही जोडलेला आहे : जन्मकुटुंबात राहिले असते तर ज्या व्यक्तीशी विवाह करता आला नसता, तिच्याशी दत्तकानंतरही करता येणार नाही. जाहीर दत्तकाच्या काळात हा अपवाद सरळ होता, कारण दोन्ही कुळे माहीत असत. संस्थेतून आलेल्या दत्तकास मात्र हा नियम पाळण्याचे साधनच उपलब्ध नाही. ज्या कुटुंबाची त्याला माहिती होऊ दिली जात नाही, त्याच कुटुंबाच्या निषिद्ध नात्यांचे बंधन कायदा त्याच्यावर घालतो. हा विरोधाभास आपल्या विधिविषयक लेखनात क्वचितच चर्चिला गेला आहे.

जन्मदाखल्याचीही तीच गत. दत्तक आदेशानंतर जो दाखला दिला जातो, त्यात दत्तक माता-पित्यांची नावे जन्मदात्यांच्या रकान्यात येतात. बालकाला शाळेत वा पारपत्र कार्यालयात अपमान सोसावा लागू नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती दयाबुद्धीची आहे, याबद्दल दुमत नसावे. परंतु त्यामुळे जन्माची सरकारी नोंद ही जन्माची नोंद राहत नाही. पुढील शतकातील इतिहासकाराला जन्मनोंदवही हे साधन वापरताना ही गोष्ट ध्यानी ठेवावी लागेल.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाने वेगळा मार्ग घेतला. तेथे दत्तकाचा पहिला कायदाच १९२६ साली झाला आणि हळूहळू जन्मनोंद मोहोरबंद करण्याची प्रथा रूढ झाली. स्कॉटलंडने मात्र १९३० च्या कायद्यातच सतरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीस आपली मूळ जन्मनोंद पाहण्याचा अधिकार दिला. एडिंबरो येथील अभ्यासक जॉन ट्रिसेलिऑटिस यांनी तेथे नोंद पाहण्यास आलेल्या सत्तर व्यक्तींचा अभ्यास करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इंग्लंड व वेल्ससाठी १९७५ च्या बालक अधिनियमाने तसाच अधिकार अठरा वर्षांवरील व्यक्तींना दिला. कायदा होण्यापूर्वी अशी भीती व्यक्त केली जात होती की, मुले आयांच्या दारांत जाऊन उभी राहतील. म्हणून कायद्यापूर्वी दत्तक गेलेल्यांना आधी समुपदेशकाची भेट घेणे बंधनकारक करण्यात आले.

भारतात हा प्रश्न प्रथम गंभीरपणे उपस्थित झाला तो परदेशी दत्तकांच्या निमित्ताने. सत्तरच्या दशकापासून मुंबई, पुणे, नागपूर आदी शहरांतील संस्थांतून बालके स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका येथे जात होती. परदेशी दांपत्य १८९० च्या अधिनियमाखाली पालक नेमून घेई आणि आपल्या देशात जाऊन दत्तकविधी पूर्ण करी. या व्यवहारातील गैरप्रकारांबाबत लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर निर्णय दिला. त्यातील मार्गदर्शक तत्त्वांमधूनच पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन संस्था, म्हणजे ‘कारा’, अस्तित्वात आली.

या निर्णयात जन्ममूळाविषयी दोन भूमिका शेजारी शेजारी दिसतात. बालकाला त्याच्या जन्मदात्यांविषयी केव्हा व काय सांगावे, हे न्यायालयाने दत्तक पालकांच्या विवेकावर सोपविले. लहानपणी अशी माहिती दिल्यास कुतूहल जागे होऊन ते नव्या घरात रुळण्याच्या आड येईल, अशी धास्तीही व्यक्त केली. मात्र सज्ञान झाल्यावर त्या व्यक्तीस जाणून घ्यावयाचे असेल, तर माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी, असेही म्हटले. अनुमती दिली, अधिकार दिला नाही. पुढील अनेक वर्षे संस्थांना माहिती नाकारण्यास ही फट पुरेशी ठरली.

परतून आलेली मुले

१९८४ साली तान्ही असलेली मुले २००० च्या आसपास प्रौढ झाली. त्यांच्या आधीची, सत्तरच्या दशकात गेलेली, तर तोवर तिशीकडे झुकली होती. विमानप्रवास परवडू लागला, इंटरनेट आले, आणि महाराष्ट्रातील संस्थांच्या दारांत अनपेक्षित पाहुणे येऊ लागले : चेहरा येथला, भाषा स्वीडिश वा जर्मन. १९७३ साली पुण्याहून तान्हेपणी जर्मनीत गेलेल्या अरुण डोहले यांनी आपली कागदपत्रे मिळावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालय आणि पुढे सर्वोच्च न्यायालय गाठले. त्यांचा लढा वर्षानुवर्षे चालला आणि तो महाराष्ट्रात या विषयावरील सर्वांत परिचित प्रकरण ठरला. अलीकडे नेदरलँड्समधील हीमस्टेडे नगराचे महापौर फाल्गुन बिनेनडाइक यांनी नागपुरात आपल्या आईचा शोध घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्या बाबतीत लक्ष वेधून घेते ते नाव. जन्माचा महिना म्हणून संस्थेत ठेवले गेलेले ‘फाल्गुन’ हे नाव डच आडनावापुढे टिकून राहिले.

दरम्यान आंतरराष्ट्रीय विधीची चौकटही बदलली होती. बालहक्क संहितेच्या सातव्या व आठव्या अनुच्छेदांनी बालकाचा शक्यतो आपले माता-पिता जाणण्याचा आणि ओळख जपली जाण्याचा हक्क मान्य केला. आठवा अनुच्छेद अर्जेंटिनाच्या आग्रहामुळे आला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेथे लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या तरुणींची अर्भके सत्ताधाऱ्यांच्या घरांत वाढविली गेली होती आणि त्यांच्या आज्या त्यांना शोधीत होत्या. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. १९९३ च्या हेग कराराने जन्मदात्यांची ओळख व वैद्यकीय पूर्वेतिहास जतन करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. तो भारताने २००३ साली अनुमोदिला.

स्वित्झर्लंडमधून आलेले एक संशोधन महाराष्ट्रातील अभ्यासकांनी अवश्य पाहावे असे आहे. झ्युरिक व थुरगाऊ या दोन कॅन्टनांनी आपल्याकडील भारतीय दत्तकांच्या १९७३ ते २००२ या काळातील प्रकरणांचा इतिहास तज्ज्ञांकडून लिहवून घेतला आणि तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. या काळात दोन हजारांहून अधिक भारतीय बालके त्या देशात गेली होती. ग्रंथाच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ ‘आई अज्ञात’ असा आहे. अभ्यासलेल्या प्रकरणांच्या कागदांत जन्मदात्रीच्या संमतीचे पत्र आढळत नाही, हा त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष. एक शासन आपल्या चुकांचा इतिहास सरकारी खर्चाने लिहविते, आणि ज्या प्रदेशातून ती बालके गेली तेथे त्या विषयावर इतिहास विभागांत अद्याप शांतता आहे, याची खंत वाटते.

नोंदवहीचे वाचन

आज या शोधाला विधिनियमांत नाव आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ खाली केलेल्या २०१७ च्या आणि त्यानंतर २०२२ च्या दत्तक विनियमांत मूळ-शोधाची स्वतंत्र तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असल्यास दत्तक पालकांसह. संस्थेने व अधिकाऱ्यांनी तिला साहाय्य करावयाचे आहे. मात्र जन्मदात्यांच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग होता कामा नये, आणि त्रयस्थ व्यक्तीमार्फत शोध घेता येणार नाही. जन्मदाते सापडले नाहीत किंवा त्यांनी नकार दिला, तर बालक कोणत्या परिस्थितीत सोडले गेले ती हकीकत तरी अर्जदारास सांगावयाची आहे. त्रयस्थास मज्जाव करण्याचा नियम न्यायालयांपुढेही आला आहे. परदेशात वाढलेली, मराठी वा हिंदी न येणारी व्यक्ती स्थानिक मदतनीसाविना एखाद्या तालुक्याच्या गावी कशी चौकशी करणार, हा प्रश्न त्यामागे आहे. उलट बाजूने, चाळीस वर्षांपूर्वी कोणासही न सांगता प्रसूत झालेल्या आणि पुढे संसारात स्थिरावलेल्या स्त्रीच्या अंगणात एखादा अनोळखी दलाल उभा राहिला तर काय होईल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. फुल्यांच्या घरावरील ते अभिवचन अद्याप कोणा एकीच्या बाबतीत जिवंत असू शकते.

संस्थांच्या दप्तरात स्थूलमानाने दोन प्रकारची बालके दिसतात : सापडलेली आणि स्वाधीन केलेली. सापडलेल्या बालकाच्या नोंदीत ठिकाण, वेळ, आणणारा पोलीस शिपाई व पंचनामा एवढेच असते. अशा व्यक्तीला शोधासाठी मिळतो तो एखाद्या रेल्वे स्थानकाचा फलाट वा देवळाची पायरी. स्वाधीन केलेल्याच्या नोंदीत आईचे नाव, गाव, वय आणि सही वा अंगठा असतो. परंतु त्या काळी ओळखपत्र मागण्याची पद्धत नव्हती, आणि भयग्रस्त अविवाहित मुलीने खरे नाव सांगितले असेल असे गृहीत धरता येत नाही. गावाचे नाव पुष्कळदा नावापेक्षा अधिक विश्वसनीय असते, कारण खोटे नाव सुचणे सोपे, खोटे गाव निभावणे अवघड. आईबरोबर आलेल्या व्यक्तीचे, म्हणजे आजी, मावशी वा शेजारीण यांचे नाव समासात लिहिलेले आढळले, तर तेच शोधाचे खरे टोक ठरू शकते.

डीएनए चाचणीने पाश्चात्त्य देशांत या शोधाचे स्वरूप पालटले आहे. भारतीय दत्तकांना तिचा उपयोग मर्यादित होतो, कारण तुलनेसाठी आवश्यक असलेले नातलग त्या संग्रहांत मुळात थोडे. चाचणी करणाऱ्यांत त्यांच्यासारखेच परदेशी गेलेले दत्तक अधिक आढळतात, आणि त्यातून एखादे वेळी आईऐवजी वेगळ्याच देशात वाढलेले भावंड सापडते.

देशातच दत्तक गेलेल्यांची स्थिती निराळी. त्यांच्या बाबतीत शोधाची सुरुवात बहुधा घरातच, लग्नाच्या बोलण्यांत वा वडिलांच्या निधनानंतर कपाट आवरताना होते. गोत्र कोणते, जात कोणती, हे प्रश्न स्वीडनमध्ये कोणी विचारीत नाही, साताऱ्यात विचारतात. संस्थेतच वाढून अठरा वर्षांनी बाहेर पडलेल्यांना तर शासनाच्या कचेरीतही जात विचारली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले, त्याची पार्श्वभूमी हीच : जात माहीत नाही म्हणून जातीचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून कोणत्याच प्रवर्गात जागा नाही.

इतिहास विभागांनी या विषयात काय करावे, तर प्रथम ही दप्तरे टिकवावीत. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या आणि विसाव्या शतकात निघालेल्या खाजगी संस्थांच्या प्रवेश-नोंदवह्या त्या त्या विश्वस्तांच्या कपाटांत आहेत. काही संस्था बंद पडल्या, काहींनी जागा बदलली, आणि प्रत्येक स्थलांतरात कागद कमी होतात. नोंदवह्यांतील नावे उघड न करता त्यांची सूची करणे, जीर्ण पानांची प्रतिमा घेऊन मूळ प्रत सुरक्षित ठेवणे, मोडी अक्षरातील जुन्या नोंदींचे लिप्यंतर करणे, आणि निवृत्त दाई, परिचारिका, अधीक्षिका यांच्या मुलाखती वेळेत नोंदवून घेणे, ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही महाविद्यालयाला करता येण्याजोगी आहेत. सत्तरच्या दशकात या संस्थांत नोकरीस लागलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणत्या रात्री कोण आले आणि नोंदवहीत काय लिहिले नाही, हे त्यांपैकी काहींना अजून आठवते.